घरातला शनी

“बंद करा आधी ते!” संयोगिता झारा हातात घेऊनच हॉलमध्ये आली. “शनीचा साधा फोटो कोण घरात ठेवत न्हाय. आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्येला वाजवालाय!”

चिमणाबाईंनी मोबाईल पदराखाली ओढला, पण बंद केला नाही. सुनेचा धाक होताच. पण हे मधेच तोडायचं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढायचं.

पुण्याला शिकायला जाताना नात तेजस्वीनं ही बिनशब्दांची गाणी आजीच्या मोबाईलात घालून दिली होती. कुणा परदेशी माणसानं एकेका ग्रहावर रचलेली. वाजवणारे शंभरभर. मंगळ ढोल-ताशागत अंगावर यायचा, गुरू वरातीत नाचवायचा. पण बाईंचा जीव जडला तो शनीवर. गुडघे धरलेलं माणूस जिना चढतं तसा तो सावकाश यायचा. मग तुताऱ्या, मग घंटा. आणि शेवटी असं निवांत व्हायचं, की त्यांना वाटायचं, अगं बाई, म्हातारपण असंबी असतंय होय!

संयोगिताला त्यात नुसती साडेसाती ऐकू यायची.

“परवा ह्यांच्या गाडीला डंपर घासला. काल मिक्सर जळला. अजून काय व्हायचं ऱ्हायलंय?”

“मिक्सर वल्या हातानं तू लावलास. शनी आलता व्हय किचनात?”

झारा टेबलावर आदळला. “अहो, ऐकताय न्हवं? आज काय ते सांगूनच टाका ह्यांना!”

अमरसिंह आतल्या खोलीतून आला. चिमणाबाईंचा एकुलता लेक. हातात त्यांचीच बॅग होती, भरलेली. ती त्यानं दाराशी ठेवली.

“आई, गडहिंग्लजला काकांकडं ऱ्हा जाऊन. साडेसाती सरंपर्यंत.”

“साडेसात वर्सं?”

त्यानं बॅगेची उघडी चेन ओढून लावली.

बाईंनी तेवढ्यात आतलं बघितलं होतं. शनीचं नुसतं निमित्त. ह्यांनी बॅग आधीच भरून ठेवली होती, लुगडी घड्या घालून, औषधाचा डबासुद्धा आठवणीनं. मग मात्र त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी मोबाईल पदराखालनं काढला आणि आवाज होता तेवढा वाढवला. तुताऱ्या फ्लॅटच्या भिंतींवर आदळायला लागल्या. संयोगितानं कानावर हात ठेवले.

“अमऱ्या!” त्या आवाजावर आवाज चढवून बाई ओरडल्या. “शनीच्या नजरंला नजर देऊ न्हाय म्हणत्यात, ते खरं. पर आईकडं बघून बोलाय तुला काय झालं रं?”

अमरसिंह खाली वाकून बॅगेची चेन लावत राहिला. ती मघाच लागली होती.