नवऱ्याच्या सहीचा रकाना

सगळा अर्ज भरून झाला होता, एक रकाना सोडून. अंकितानं पेनाला टोपण लावलं, अर्जाची घडी करून तो पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि पुन्हा परातीपाशी बसली.

"झाला का भरून?" कोंडीबानं, तिच्या सासऱ्यानं विचारलं.

"बघू, मामा. सरकारी काम आन् सहा महिने थांब."

थांबायला वेळ नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. शुक्रवार ही शेवटची तारीख होती. होटगी रोडवरच्या दोन खाणावळी आणि पुण्याला पार्सल धाडणारा एक दुकानदार यांच्यासाठी अंकिता रोज दीडशे-दोनशे कडक भाकरी थापायची. त्यावर घर चाललं होतं. आता उजवं मनगट सुजलं होतं. असंच थापत राहिलात तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. भाकरीचं मशीन आलं तरच धंदा टिकणार होता, आणि सरकारी अनुदानाशिवाय मशीन येणार नव्हतं.

पोर कामाला वाघ होती. तीन वर्षांपूर्वी कसल्याशा प्रशिक्षणाला म्हणून आठवडाभर बाहेरगावी गेली आणि तापानं फणफणून परतली. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवलीच.

अडलं होतं ते शिवराजपाशी. शिवराज म्हणजे कोंडीबाचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांपूर्वी तो टेंभुर्णीहून ट्रक घेऊन निघाला तो गेलाच. नागपूरच्या पुढं ट्रक सापडला, माणूस सापडला नाही. त्या घोरानं त्याची आई सोजरबाई दोन वर्षांत गेली. जाताना दाराकडंच बघत होती.

कोंडीबानं मात्र आशा सोडली नाही. दर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतून तो सुनेला हिरव्या बांगड्या आणायचा. "यंदा येतोय बघ," म्हणायचा. अंकिता "व्हय" म्हणून बांगड्या भरायची.

भाकरी थापायला येणाऱ्या अक्कलकोटच्या गौरम्मानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं. "अण्णा, नवरा हाय म्हणलं की ब्यांकेला त्याची सही लागती. नवरा वारला म्हणलं की निम्मं पैसं सरकार देतंय, सही कुणाची नको. पण ही पोर 'विधवा' लिवत न्हाय. तिचं मनच धजंना."

कोंडीबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोर आशेपायी हात घालवून बसणार, आणि त्या आशेला सात वर्षं खतपाणी कुणी घातलं? आपणच की.

दिवेलागणीला तो परातीसमोर येऊन बसला.

"अंकिता, लिव की त्या रकान्यात."

"काय लिवू?"

"शिवराज न्हाय म्हणून."

थापता थापता तिचा हात थांबला. "असं बोलू नका, मामा. येतील ते. तुमीच म्हणता की." मान वर न करता ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तिच्या तोंडून कोंडीबाला आपलेच शब्द ऐकू आले. शिवराज जिवंत आहे, असं त्याला आजही वाटत होतं. पण जो येईल न येईल त्याच्यापायी समोर बसलेल्या लेकरानं का मरायचं? त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी कुणाला न सांगता तो कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडं गेला. मुलगा सात वर्षं बेपत्ता असून तो हयात नाही असं मी मानतो, असा मजकूर टाईप झाला.

"बाबा, नक्की ना?" टायपिस्टनं विचारलं.

"व्हय," म्हणत त्यानं अंगठा उठवला. बापानंच पोराला मारलं, असं त्याला वाटलं आणि भर रस्त्यात त्याला रडू फुटलं.

अनुदानाच्या कचेरीत अपेक्षा नावाच्या तरुण मॅडम होत्या. त्यांनी त्याला पाणी दिलं, कागद वाचला.

"बाबा, नुसत्या ह्या कागदावर भागत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो."

"मग कोर्टात जातो की. पण शुक्कारच्या आत पोरीचं काम करा, बाई. लई झिजली हो ती."

मॅडमनी अंकिताचं नाव विचारलं, कॉम्प्युटरवर घातलं आणि भुवया उंचावल्या.

"अहो, यांचा अर्ज आधीच आलेला आहे. तीन वर्षांपूर्वी. मंजूरही झाला होता. फक्त घरी येऊन पाहणी करायची राहिली होती."

"मंजूर? आन् नवऱ्याची सही?"

"तिची गरजच नव्हती. मृत्यूचा दाखला जोडलाय की. रायपूरच्या दवाखान्यातला. ओळख पटवून अंत्यविधी केल्याची यांचीच सही आहे."

कोंडीबानं टेबलाची कड घट्ट धरली.

"पण अर्ज त्यांनीच मागं घेतलाय. कारणही लिहून दिलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. सवयीनं त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "'पाहणीला येणारे साहेब घरच्यांना मालक कधी वारले ते विचारतात असं कळलं. घरी माझे सासरे असतात. त्यांना अजून हे ठाऊक नाही, आणि मी असेपर्यंत त्यांना कळू द्यायचं नाही.'"