एक दात मागे

गाडीच्या इंजिनाचा जुना पट्टा निघून आईच्या हातात आला तेव्हा भिंगरीला वाटलं, हा तुटलेला तरी असायला हवा होता. तसा तो धडधाकट दिसत होता. कडेनं थोडा उसवलेला, मधेमधे बारीक तडे, बस. महिनाभर ओढलं असतं यानं आणि मग भर रस्त्यात दगा दिला असता, असं म्हणत आईनं तो फरशीवर टाकला आणि नव्या पट्ट्याचं खोकं उघडलं.

आज दुपारी आई घर सोडून जाणार होती. चार दिवसांसाठी नाही, कायमची. आईबाबांचं पटेनासं झालं होतं. आधी भांडणं होती ती बरी म्हणायची, कारण आता घरात भयंकर सभ्यपणा शिरला होता. चहा घेणार का, असं दोघं एकमेकांना पाहुण्यासारखं विचारत. आईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. भिंगरीची शाळा इथं, म्हणून भिंगरी इथं, बाबांपाशी. हे तिघांनी जेवायच्या टेबलाशी बसून ठरवलं. म्हणजे दोघांनी ठरवलं आणि तिसरी ताटात बोट फिरवत राहिली.

आठवडाभर आई गाडीच्याच मागे लागली होती. ऑइल बदललं, चाकांत हवा भरली, वायपरना नवी रबरं घातली. भिंगरी खिडकीतून बघायची. एवढी तयारी म्हणजे लांबचा पल्ला. गाडी आईचीच तर होती. आई गॅरेजवाल्याची लेक, बाहुल्यांऐवजी पान्यांशी खेळलेली. बाबा गाडी चालवत, पण काठोकाठ भरलेलं पातेलं डोक्यावर घेतल्यासारखी. आणि बंद पडली की बॉनेट उघडून आत असं टक लावून बघत, जसं काही आतून कुणी उत्तर देणार आहे.

शेवटचं काम या पट्ट्याचं. गाडी जॅकवर चढली होती, पुढचं एक चाक भिंतीला टेकलं होतं. आई एकेक बोल्ट भिंगरीकडूनच काढून घेत होती. कुठून कसला आवाज आला की समजायचं काय बिघडलंय, हेही सांगत होती. एरवी भिंगरीच्या तोंडाचा पट्टा कुणाच्यानं थांबायचा नाही. आज ती नुसती हं हं करत होती.

पट्ट्याला आतून दात होते. ते वरच्या आणि खालच्या पुलीच्या खाचांत बसायचे. दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळल्या पाहिजेत म्हणून आईनं भिंगरीच्याच निळ्या नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. एक दात मागेपुढे झाला, तर गाडी रडतखडत चालते आणि चढ दिसला की मान टाकते. दोनतीन चुकले, तर इंजिनाचे तीनतेरा. आईनं पट्टा चढवला. आता तो ताणायचा तेवढा राहिला होता, तोच आतून बाबांनी हाक मारली. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण आधी दाबायचं ते परत विसरले होते. आई कोपरानं कपाळ पुसत आत गेली.

भिंगरीनं दाराकडे पाहिलं. मग पट्टा वरच्या पुलीवरून सोडवला आणि एक दात मागे नेऊन बसवला. फक्त एक. तिला इंजिनाचा खून करायचा नव्हता. तिला आजचा दिवस हवा होता. गाडीच रडत बसली तर आई कशी जाईल? पट्टा अजून सैल होता, त्यामुळे ठिपके जवळपास तिथंच दिसत होते. काम तिच्या कल्पनेपेक्षा सोपं निघालं.

आई आली. तिनं पट्टा ताणला, बोल्ट आवळला. आता ती गाडीत बसून किल्ली फिरवणार, असं भिंगरीला वाटलं. पण आईनं लांब पाना घेतला, खालच्या पुलीच्या बोल्टला लावला आणि इंजिन हातानंच फिरवायला लागली. किल्लीला हात लावण्याआधी असं दोन वेळा फिरवून बघायचंच, हे लक्षात ठेव, असंही म्हणाली. ही पायरी भिंगरीला ठाऊकच नव्हती.

खालचा ठिपका आपल्या जागी आला. वरचा आला नाही.

आईनं वाकून बघितलं. आपल्या हातून असं होत नाही हे तिला पक्कं माहीत असणार. मग तिनं भिंगरीच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. भिंगरीनं हात मागे लपवले, आणि लपवल्यावर तिलाच त्याची चीड आली.

"मी केलंय," ती म्हणाली. "मुद्दाम. आता जा बघू या गाडीतून."

आई रागावली असती तर परवडलं असतं. तिनं आवळलेला बोल्ट पुन्हा सैल केला, पट्टा सोडवला आणि पाना भिंगरीच्या हातात दिला.

"मी ट्रेननं चाललेय. गाडी इथंच राहणार. या गाडीत तू बसणार आहेस."