सहाव्या पानावरची दुरुस्ती

१९७१ साल. छापून आलं म्हणजे खरंच, असं लोक मानायचे. प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या कारकुनाच्या बातमीत, शाळेच्या ग्रुप फोटोतून चुकून त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गणिताच्या मास्तरांचा चेहरा कापून छापला गेला.

मास्तरांची बायको तडक संपादकांकडे गेली.

"चूक तुमची, आणि घराबाहेर पडायची चोरी ह्यांना! पहिल्या पानावर छापलंत ना? मग दुरुस्तीही तिथंच छापा."

"वहिनी, पहिल्या पानावर बातमीच लागते हो," संपादक हसून म्हणाले.

दुरुस्ती सहाव्या पानावर आली, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. कुत्रं सापडलं. दुरुस्ती मात्र कुणी वाचली नाही. आठवड्याभरात मास्तरांनी जीव दिला.

त्याच दुपारी संपादक स्वतः दारात उभे राहिले.



"वहिनी, आता पहिल्या पानावर घेतो. मास्तरांचा एखादा बरा फोटो द्या."