खिशातला लाल टाका

"तुझ्या पोरानं लंडनहून धाडलेला हा जुना शर्ट आमच्याच कारखान्यातला. खिशात लाल टाका निघाला, तर चौकात माझी साडी नेसून लेझीम खेळायचं बे, यल्लप्पा!"

"खेळतो की, अंबक्का! नाही निघाला, तर तुझी ती लाल टाक्याची थाप कायमची बंद."

साहेब बाहेरून कुलूप लावून बायकांना शिवायला बसवायचा. बाहेर खूण पोचावी म्हणून त्यांनी खिशाखिशात लाल टाका घातला. टाका कसला, हे विचारायला परदेशी गिऱ्हाईक आलं. त्याला दार दाखवलं, तेव्हा कुठे कुलूप निघालं. आता कारखाना नाही, चंद्रासारख्या मैत्रिणी नाहीत.

अंबक्कानं खिसा उलटला. लाल, तिरका टाका! "चंद्रे, मेले, शेवटपर्यंत सरळ शिवलं नाहीस गं!" तिचे डोळे भरले.

संध्याकाळी यल्लप्पा भर चौकात लेझीम खेळला.

"पदर सांभाळ बे!" अंबक्का ओरडत होती.