दोरीचं दुसरं टोक

मुंबईला एका साहेबाच्या शिडाच्या नौकेवर खलाशी असलेला दस्तगीर महिन्याच्या रजेवर बोरीला आला, तो बेत पक्का करूनच. परत गेल्यावर खांदेरी बेटाजवळच्या खडकांत बुडी मारून भाल्यानं मासे टिपायचे होते, आणि दम धरायचा सराव इथं कुकडी नदीच्या डोहात करायचा होता. कमरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक धरायला त्याला एकच माणूस भरवशाचा वाटला. लहानपणापासूनचा सोबती, किराणा दुकानवाला चंपालाल. जीवहत्या बघवत नाही म्हणून तो डोहाकडे पाठ करून बसे, वेळ मोजायला चार वेळा नवकार मंत्र म्हणे आणि ते संपले की दोरी ओढे.

पण दस्तगीरनं भाला उचलावा, की दोरीला हिसका बसलाच!

"चंपा, मासा वाचावा म्हणून मुद्दाम ओढतोस ना रं?"

"न्हाई रं. तू वर असलास की नवकार सावकाश व्हतो. तू बुडलास की जीभ पळत सुटती."

"मग समुद्रावरच बरं. तितं दोरी धरणाऱ्याच्या हातात घड्याळ असतंय."

चंपालाल ओली दोरी गुंडाळू लागला.

पुढच्या रजेला दस्तगीर थेट दुकानातच शिरला. चंपालालनं गूळ फोडता फोडता, वर न बघताच विचारलं, "गावला का मासा?"

"कुठला गावतोय! घड्याळात लई वेळ शिल्लक व्हता, मासाबी समोर व्हता. पण मनात तुझे ते पळते चार नवकार झाले, अन् मी आपला वर आलो."