मास्तरांचा हातगुण

उकडलेल्या अंड्याचा बलक मास्तरांनी फडक्यात बांधला, टाकीत बुडवला आणि बोटांनी दोनदा दाबला. पिवळा धूर पाण्यात पसरला. माशाचं एकही पिल्लू त्याकडे धावलं नाही. कालच्यापेक्षा आज निम्मीच उरली होती, तीही पाण्याच्या वर तोंड काढून.

"भूक नाही का रे?" म्हणत त्यांनी फडकं आणखी एकदा दाबलं. सकाळी घातलं होतं की नाही, ते आठवेना. घातलं असलं तरी लेकराच्या पोटात दोन घास जास्त गेले म्हणून कुठे बिघडतं?

दारात उभ्या असलेल्या दुकानदाराने रुमाल नाकाला लावला. "मास्तर, खिडकी तरी उघडत जा."

"वाऱ्याने पाणी गार पडतं."

मास्तरांचं नाक एका तापात गेलं, त्याला सहा वर्षं झाली होती. शेगडीवर दूध करपून कोळसा झालं तरी बायको ओरडेपर्यंत त्यांना पत्ता नसे.

"रविवारी न्यायला येऊ ना?" दुकानदाराने विचारलं. "गिऱ्हाईक थांबलंय. कपाळावर पांढरा ठिपका असलेला काळा एंजल तुमच्याशिवाय कुठे मिळतो?"

"मिळतील. ती गेली आणि घराचा जीवच गेला बघा. माशांनाही माणूस कळतं. थोडे दिवस द्या."

दुकानदार काहीतरी बोलणार होता. पण घरात मरण होऊन पंधरा दिवसच झालेले. तो रुमाल खिशात घालून जिना उतरला.

मास्तरांच्या हातगुणाचा सगळ्या गावात बोलबाला होता. एंजलची जोडी आपलीच अंडी खाते, म्हणून ते अंडी चिकटलेलं पान अलगद उचलत, वेगळ्या टाकीत ठेवत, आणि बोटभर पाण्यातून पिल्लं वाढवत. एकदाच घात झाला, चार वर्षांपूर्वी. तेव्हा टाकी मुलाच्या ताब्यात होती. मास्तर येता-जाता दोन घास घालायचे तेवढंच. एका सकाळी चारशे पिल्लं तळाशी पांढरी पडली होती.

"बाबा, पाण्याला वास मारत होता," मुलगा म्हणाला होता. "तुमचंच घालणं जास्त होतंय."

"चारशे जीव मारलेस आणि वर माझी चूक काढतोस? चालता हो."

तो गेला. नेलं काहीच नाही. एंजलची एक जोडी तेवढी आईने मागच्या दाराने पिशवीत घालून दिली. मास्तरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. तेव्हापासून मुलाला ते पाण्यात पाहत. आणि गंमत अशी की तो गेल्यापासून एकही वीण वाया गेली नाही. याहून वेगळा पुरावा काय हवा?

बायको मात्र पिल्लांच्या वाऱ्याला उभी राहत नसे. सकाळी ते फिरायला गेले की नळीने टाकीचा तळ ओढून काढायची, एवढंच तिचं काम. "मोजत बसू नका हो, दृष्ट लागते," म्हणायची. म्हणून त्यांनी कधी मोजलीही नाहीत. बाकी तिचा वेळ आजारी बहिणीत जाई. एक दिवसाआड मोठा थर्मास घेऊन ती सूप पोचवायला निघे.

"नेतेस भरलेला आणि आणतेसही भरलेला," मास्तर एकदा थट्टेने म्हणाले होते. "बहीण पिते की नुसता वास घेते?"

"तिच्याकडचं पाणी गोड आहे. येताना घेऊन येते."

दवाखान्यात शेवटी तिने एकच मागितलं होतं. "त्याला एकदा त्या खोलीत येऊ द्या. एकदाच."

"आधी तू बरी हो," ते म्हणाले. ती झाली नाही.

परवा भेटायला आलेली मेहुणी डोळे पुसत म्हणाली, "चार वर्षांत माझ्या दाराशी फिरकली नाही हो ताई." मास्तरांना वाईट वाटलं. बिचारीची स्मरणशक्ती गेली.

दुपारी बेल वाजली. दारात मुलगा. केस पिकलेले, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला आईचा थर्मास.

मास्तर दारातून हलले नाहीत. "हा तुझ्याकडे कसा?"

मुलाने थर्मास हलू न देता नीट धरला.

"असं आहे होय. बहिणीचं नाव सांगून बाईसाहेब तुला भरवत होत्या."

"तसं म्हणा." त्याने खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. "आईने शपथ घातली होती, तुमच्यापाशी बोलायचं नाही म्हणून. आणि तुमच्याकडे सध्या काय चाललं असेल ते मला माहीत आहे. मी आत येऊ का? पाचच मिनिटं."

"नाही."

"मग हे घ्या. गार व्हायच्या आत उघडा. आणि हळू उघडा, बाबा."

"तुझ्या हातचं खायची वेळ आली नाही अजून माझ्यावर."

मुलाने थर्मास उंबऱ्यावर ठेवला. मग जिना उतरून गेला.

मास्तरांनी दार लावलं, पुन्हा उघडलं. थर्मास बायकोचा होता, तो काही टाकून देता येत नव्हता. आतलं टाकता येत होतं. ते मोरीत गेले, झाकण फिरवलं आणि थर्मास एकदम उपडा केला.

वाफ आली नाही. कोमट, नितळ पाणी भोवरा घेत तुटक्या जाळीतून घळाघळा खाली गेलं. जाळीच्या कडेला अडकलेली पाच-सहा पिल्लं तेवढी मागे राहिली, नखाएवढी, काळी, तडफडणारी. आणि प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता.