घराच्या मापाचा जनरेटर

"पाच केव्हीएचा जनरेटर कोणी घ्यायला सांगितला तुम्हाला?" मनिषभाईने कपाळाला हात लावला.

अमृत जनरेटरकडे बघू लागला. शेवटी त्याची आई बुधीबाईच बोलली, "कोणी नाय. त्याला वाटलं, बापाच्या श्वासाचा मामला आहे, मोठाच बरा."

मनिषभाईचं डहाणूला दुकान. दिवाळीत त्याच्या माणसाने हा जनरेटर विकला होता, आणि आज तो स्वतः तलासरीकडच्या या डोंगरपाड्यावर तक्रार बघायला आला होता. घरात खाटेवर अमृतचा बाप चिमण पडून होता, नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी. लाईट गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे म्हाताऱ्याचा जीव टांगणीला. घरी सोय होत नसेल तर दवाखान्यातच ठेवा, असं डॉक्टरने बजावलं होतं. चिमण मात्र घरीच राहायचं म्हणून हटून बसलेला.

"आणल्यापासून घर हलतं," बुधीबाई म्हणाली. "हंडे वाजतात. भिंत चिरली. आता याला ठेवू कसा आणि परत देऊ कसा?"

"जनरेटरने घर हलतं?"

"नुसतं आमचंच नाय. ओढ्यापलीकडे बायजीच्या घरात ताटं पडली."

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त होतं. अख्ख्या पाड्याचं तसंच झालं होतं. चिकूच्या दोन पेट्यांएवढी ती वस्तू, पण ताकद काय तिची! बायका येताजाता हात जोडायच्या. बायजीने तर परवा त्याच्यापुढे नारळ फोडला. बुधीबाईने पूर पाहिले होते, वादळं पाहिली होती, पण जमीन हलवणारी वस्तू तिच्या पोराने टेम्पोत घालून आणली होती. तिला धडकी भरायची आणि छातीही फुगायची.

मनिषभाई घरभर फिरला. "मशीन साडेतीनशे वॉट, पंखा पंच्याहत्तर, दोन बल्ब. पाचशेसुद्धा होत नाहीत. सुरू होताना जास्त खेचतं, तरी दोन केव्हीए पुष्कळ झाला. मावशी, तुमच्या घराखाली कातळ आहे. मोठ्याचा हादरा कातळातून लांबवर जातो. दोनचा लावू, तांब्यातलं पाणीसुद्धा हलणार नाही. सोबतच आणलाय."

टेम्पो खाली रस्त्यावर उभा होता. लाईट होती तोवर अमृतने आणि त्याने मोठा जनरेटर बांबूला बांधून खांद्यावर घेतला.

"नवा चालू करायच्या आधी मी यांना अंगणात काढते," बुधीबाई म्हणाली.

मनिषभाई हसला. "लहान आहे तो, मावशी. विश्वास ठेवा."

"तुमच्यावर ठेवते. त्याच्यावर नाय."

दोघे उतारावरून खाली गेले. बुधीबाईने आणि सून दक्षाने खाट उचलून अंगणात आणली. नळी लांब होती, तिथवर पुरली. चिमण उन्हात डोळे किलकिले करून कुरकुरला, "कशाला उगाच."

ती त्याच्या पायथ्याशी टेकली, आणि आवाज आला. खोल, जाड, पायाखालून सरकत येणारा. लहान म्हणे. बुधीबाई बघतच राहिली. मोठ्यालासुद्धा असला आवाज नव्हता. हंडे धडाधड कोसळले, कोंबड्या ओरडत पळाल्या, खाट हातभर सरकली. आणि चिमणच्या डोक्यामागची ती भिंत आत बसली. सकाळपर्यंत त्याची उशी जिथे होती, तिथे विटांचा ढीग पडला.

धूळ खाली बसेपर्यंत बुधीबाईने नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. मशीन दुसऱ्या कोपऱ्यात होतं, ते चालूच होतं. मग तिने उताराकडे तोंड करून हाक दिली.

"अमृत, बंद कर तो. आधी बंद कर."

अमृत आणि मनिषभाई धापा टाकत चढावरून वर आले. दोघांचेही हात रिकामे.

"काय बंद करू, आई?" अमृत विटांकडे बघत म्हणाला. "मोठा टेम्पोत चढवला, आणि लहान अजून उतरवलाच नाय."